अर्ध्या कोयत्याचा गोलकीपर

गोदावरीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या शेवगाव-पाथर्डीच्या मुलखात, काळजी करण्यात आमच्या कॉलेजच्या फुटबॉलवाल्या सरांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बाकीचे लोक काळजी करतात ती काही वाईट घडलं म्हणून, किंवा घडेल म्हणून. सर काही घडत नाही याचीही काळजी करतात. नव्या हंगामाचा सराव सुरू झाला, सगळी मुलं वेळेवर आली, कुणाला ताप नाही, कुणाच्या घरी लग्न नाही, चेंडूत हवा आहे, असा एखादा दिवस उजाडला की त्यांचा चेहरा पार उतरतो. "मॅडम, आज सगळं बरंय," स्टाफरूमच्या दारात उभं राहून ते खालच्या आवाजात सांगतात, "मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही."

मी भूगोल शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की जिमखाना समितीवर एक महिला सदस्य लागते आणि ज्या दिवशी हे प्राचार्यांच्या लक्षात आलं त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत दुसऱ्याच कामासाठी उभी होते. "मैदान म्हणजे शेवटी भूरूपच," प्राचार्य म्हणाले, "तुमच्याच विषयात येतं ते." समितीच्या सभेला चहा असतो एवढं मला ठाऊक होतं. त्या चहाबरोबर सरांच्या काळज्या येतात हे नंतर कळलं. माझं घर मैदानाच्या वाटेवर. सकाळी मी पोळ्या लाटत असताना दारात मोटारसायकल थांबते. ती बंद होत नाही, कारण बंद केली तर पुन्हा सुरू होईल की नाही याची सरांना काळजी असते. त्या आवाजावरून ते ओरडतात, "मॅडम, एक काळजी आहे!"

"एकच?" मी आतूनच विचारते.

"एक मोठी. बारक्या सांगत नाही."

उंच, काटकुळे, पन्नाशी ओलांडलेले, आणि गळ्यात कायम शिट्टी. ती शिट्टी ते झोपताना तरी काढतात की नाही हे त्यांच्या मंडळींना विचारायचं माझं धाडस झालेलं नाही. सभेत बोलायची पाळी आली की शिट्टी आधी तोंडात जाते, मग आठवण होऊन बाहेर येते. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं फार लांबली तेव्हा सरांनी अभावितपणे शिट्टी फुंकली आणि गुरुजींनी दचकून थेट शेवटचं कडवं म्हटलं, असं सांगतात. मी त्या लग्नाला नव्हते. पण जे होते ते म्हणतात की त्या वर्षी तालुक्यात वेळेवर लागलेलं तेवढं एकच लग्न.

आता खरी गोष्ट सांगायची तर सर फुटबॉलचे नव्हेतच. ते कबड्डीचे. तरुणपणी त्यांच्या चढाईला आसपासच्या गावांतून लोक ट्रॅक्टरमध्ये बसून यायचे. फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला तो एका देणगीदारामुळे. त्या सद्गृहस्थांनी कॉलेजला लोखंडी गोलपोस्ट भेट दिले. का दिले, ते त्यांनाच माहीत. भेट परत कशी करायची? पोस्ट रोवले, मग जाळ्या आणल्या, मग जाळ्या नुसत्या लोंबकळताना वाईट दिसतात म्हणून संघ काढला. लोक म्हैस घेतात आणि गोठा बांधतात. आमच्याकडे गोठा आधी आला. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून फुटबॉल शिकून घेतला, नियमांची चोपडी पाठ केली, पण रक्तातली कबड्डी काही गेली नाही. ती त्यांनी नकळत मुलांतही उतरवली. गेल्या वर्षी स्पर्धेत समोरचा एक चपळ खेळाडू चेंडू घेऊन आमच्या गोलवर चालून आला, तर आमच्या बचावातल्या पोरांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली, त्याला मधे घेतला आणि अलगद खाली बसवला. बसवून झाल्यावर अभिमानानं सरांकडे पाहिलं. सरही सीमारेषेवरून "शाब्बास!" म्हणून ओरडले, आणि मग दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. पेनल्टी बसली, गोल झाला, सामना गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हरलो ते खरंच. पण मॅडम, पकड मात्र अप्रतिम होती."

आमचं मैदान म्हणजे काळी माती. पावसात तिच्यात बूट रुततो आणि पाय तेवढा बाहेर येतो. पाऊस थांबला की तिला भेगा पडतात आणि भेगांमधून सराटे उगवतात. सराट्याचा काटा ज्यांच्या चपलेतून आरपार गेला आहे त्यांना जास्त सांगायला नको. चेंडूला तर तो शत्रूच. म्हणून सरावाची सुरुवात आमच्याकडे धावण्यानं होत नाही. सगळी मुलं या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ओळीत उभी राहतात आणि वाकून सराटे वेचत मैदान पार करतात. मागून सर चालतात, हातात पत्र्याचा डबा घेऊन. बाहेरून नव्यानं आलेल्या एका प्राध्यापकांनी हे दृश्य पाहून मला विचारलं, "इथे भुईमूग लावलाय का?" सरांचं म्हणणं असं की यानं कंबर सुटते, मांड्यांच्या शिरा मोकळ्या होतात आणि परदेशी संघांना हा व्यायाम माहीत नाही म्हणूनच त्यांचे खेळाडू सारखे दुखापतींनी बाहेर बसतात.

मुलांच्या बाबतीत तर सर आयांच्याही वरताण. दिनदर्शिका आली की आधी लग्नाच्या तारखा बघतात, कारण सामना आणि मुहूर्त एका दिवशी आले की संघातली निम्मी पोरं करवले होतात. गेल्या वर्षी आमच्या सेंटर फॉरवर्डच्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते तो सामन्याचाच दिवस निघाला. सर स्वतः त्या घरी गेले आणि पाहुण्यांना एक दिवस पुढे ढकलून आले. वर पाहुण्यांना सांगून आले की मुलगी फार गुणी आहे. लग्न जमलं. ती मुलगी आता त्यांना दिवाळीला फराळ पाठवते आणि सर तो फराळ संघाला वाटतात. तेलकट म्हणून शेव तेवढी काढून घेतात, मुलांच्या दमाला बरी नव्हे म्हणून. ती ते स्वतः खातात.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. यंदाची काळजी मात्र हसण्यासारखी नव्हती. गेल्या हंगामात आम्ही स्पर्धेला गेलो ते नऊ खेळाडू घेऊन. एक आजारी पडला, एकाची परीक्षा, बाकी राखीव असे नव्हतेच. नऊ जण खेळले आणि जसं व्हायचं तसं झालं. तेव्हापासून प्राचार्यांचा डोळा मैदानावर होता. त्यांना तिथे गाड्या लावायला शेड हवी होती. जुलैच्या सभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सर, जिंकून या असं मी म्हणत नाही. पण या वर्षी पूर्ण अकरा मुलं मैदानात उतरली पाहिजेत आणि शेवटपर्यंत टिकली पाहिजेत. नाहीतर फुटबॉल बंद. ते पोस्ट आपण शेडला वापरू."  सरांनी शिट्टी तोंडात धरली आणि काढायची विसरले, त्यामुळे श्वास घेतला की बारीक आवाज यायचा. सभा संपेपर्यंत तो आवाज मी ऐकत होते.

सरांनी कसेबसे जमवले ते मोजून अकरा. कॅप्टन इम्रान, गॅरेजवाल्यांचा, पायात वीज असलेला. राखीव गोलकीपर म्हणून घेतलेला एक गोलमटोल मुलगा चेंडू आला की डोळे मिटायचा. त्याला बचावात उभं करून टाकलं, तिथे निदान त्याच्या अंगाला लागून तरी चेंडू थांबेल म्हणून. आणि गोलमध्ये संदीपान. तिसगावकडचा, तिसऱ्या वर्षाचा, दारात उभा राहिला तर दार दिसू नये असा. हाताचे पंजे सुपाएवढे. बोलायचा जवळजवळ नाहीच. सरांना त्याची काळजी सगळ्यांत जास्त, कारण त्याच्यासारखा दुसरा नव्हता, आणि कारण दसरा झाला की तो जाणार होता.

आमच्या भागात हे नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी-शेवगावची निम्मी गावं ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातात. कारखाना सुरू होतो तशी पोरांची हजेरी रोडावते, हे आम्हा मास्तरांना पाठ असतं. तोडीचं काम जोडीनं चालतं. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं त्याच्या मोळ्या बांधून गाडीत भरायच्या. या जोडीलाच कोयता म्हणतात. संदीपानचे वडील वारल्यापासून आईचा जोडीदार तोच होता. संघात आणखी दोघं टोळीवाल्या घरचे होते, पण त्यांच्या घरी भाऊ-भावजया होत्या. संदीपानच्या घरी आई आणि तो. सरांचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता. स्पर्धा नेहमी दसऱ्याच्या आधी होते. गाळप सुरू व्हायच्या आत फुटबॉल उरकतो.

यंदा परतीचा पाऊस असा लागला की ओढ्यानाल्यांनी रस्ते सोडले नाहीत, मग मैदानं कोण सोडतं? स्पर्धा पुढे गेली. एकदा गेली, पुन्हा गेली, आणि दिवाळीनंतरची तारीख पडली. ते पत्र आलं तेव्हा संदीपान नेवाशाच्या अंगाला कुठल्याशा शिवारात ऊस बांधत होता. सर माझ्या दारात आले. या वेळी मोटारसायकल बंद केली. ते पाहून मी गॅस बारीक केला.

"मॅडम, काळजी आहे," म्हणाले. मोठी की बारकी ते सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं टोळीवर गेलो. मुलाच्या आईशी बोलायचं तर बाईमाणूस बरोबर हवं, असं सरांचं मत पडलं. गाडी आमच्या घरची, चालवत मी होते, ब्रेक सर दाबत होते. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता ही गोष्ट त्यांनी नेवासा येईपर्यंत मनावर घेतली नाही. उसाच्या फडाच्या कडेला वाळल्या पाल्याच्या, म्हणजे पाचटाच्या, झोपड्यावजा कोप्या टाकलेल्या, मधे चुली, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टोळीचा मुकादम बसलेला. त्यानं आम्हाला बसायला पोतं दिलं आणि सरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"सर, तुमी शिकल्याली मान्सं," तो म्हणाला. "कोयता म्हंजी जोडी. जोडी मोडली की ऱ्हायला आर्धा कोयता. आर्ध्या कोयत्यानं गाडी भरती व्हय?"

"एकच दिवस हो."

"आज ह्यो येक दिवस म्हनतो. उद्या दुसरा म्हनंल मेव्हनीचं लगीन हाय. तिसरा म्हनंल जत्रा हाय. मी काय कारखान्याला सांगू, पोरं बॉल खेळाया गेली?"

संदीपानची आई पदराला हात पुसत आली. बिनदुधाचा चहा आणला. बारीक चणीची, उन्हानं रापलेली बाई. मुलगा एवढा कुणावर गेला असेल, असं माझ्या मनात आलं. "लई याड हाय त्याला, सर," ती म्हणाली. "झोपंत बी हात वर करून उडी मारतो वो. परवा कोपीचं पाचट उपसलं. म्या म्हनलं, साप निघाला का काय!"

संदीपान मागे उभा होता, हातात कोयता, मान खाली. "सर, ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "फुडच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तू कुठं असशील रे?" सरांनी विचारलं. त्याचं हे शेवटचं वर्ष.   सरांनी शिट्टी मुठीत धरली, सोडली, पुन्हा धरली. मला वाटलं आता उठतील. तर म्हणाले, "मुकादम, मी आलो तर?"

"कुठं?"

"हितं. त्याच्या जागी. येक दिवस."

मुकादम हसला. "सर, ऊस पाह्यजे आसंल तर दोन कांड्या देतो की."

"मी तिसगावकडचाच हाय," सर म्हणाले. "आई-बापाबरुबर शाळा सुटंस्तवर मोळ्या बांधल्यात म्या. हात इसरत न्हाई."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं नव्हतं. आई-वडील टोळीवर जायचे हेही कधी ऐकलं नव्हतं. काळजीतून बाहेर पडायला त्यांना कधी सवड मिळाली असती तर कदाचित सांगितलं असतं.

"आवो सर," संदीपानची आई घाबरीच झाली, "मान्सं काय म्हन्त्याल? पोराच्या मास्तराला मोळ्या बांदाया लावल्या म्हून आमचं नाव घेत्याल!"

"काही म्हणत नाहीत, ताई. गडी कमी पडला की दुसरा उतरवायचा. खेळाचा नियमच आहे तो."

मुकादमानं टोपी मागे सरकवली, सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यांच्या बरगड्या मोजल्यासारखं केलं. "बरं," म्हणाला. "पर मोळ्या घट पाह्यजेत."

 परतीच्या वाटेवर मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवंच होतं, "सर, सामन्याला तुम्ही नसणार. लक्षात आलंय ना?"

त्यांनी ब्रेक दाबला. "आलंय," म्हणाले. "बोलून दाखवायचं नव्हतं. संघाबरोबर कॉलेजचं एक माणूस लागतं. तुम्ही जाल ना?"

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वांत अस्वस्थ आठवडा होता असं म्हणायला हरकत नाही, आणि मी नॅकची तपासणी पार पाडलेली बाई आहे. सकाळी पोळ्या लाटताना ऑफसाईड, दुपारी तासाच्या आधी फाऊल, संध्याकाळी पट्ट्या कशा बांधायच्या. कापूर, बर्फ, ओळखपत्रं, सुया, दोरा, सगळं एका पिशवीत. "आणि मॅडम, ओरडत राहायचं."

"काय ओरडायचं?"

"काहीही. पोरांना आवाज लागतो. मी तर कितीदा नुसतंच ओरडतो." प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सर रजेवर आहेत. ते अगदी खरं होतं.

सामन्याच्या दिवशी उजाडताना भाड्याची क्रूझर फडाच्या कडेला थांबली. थंडी होती, उसाची पानं दवानं ओली. सर उतरले. अंगात जुना लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शिट्टी सदऱ्याच्या आत. संदीपान गोलकीपरची हिरवी जर्सी घालून तयारच उभा होता. मला वाटलं शेवटच्या सूचना होतील. सरांनी त्याला विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "व्हय. सर, पाचट डोळ्यात जातं, मान खाली ठिवा." एवढंच. सर फडात गेले आणि आम्ही निघालो.

सामना सुरू झाला आणि माझा फोन वाजला. सरांनी कानात वायर घातली होती, हात मोळीत.

"मॅडम, काय चाललंय?"

"पळतायत."

"कोण?"

"सगळेच."

"बॉल कुणाकडे?"

"निळ्यांकडे."

"निळ्यांकडे का?"

"सर, ते मला विचारू नका. पिवळ्यांना विचारावं लागेल."

पलीकडून संदीपानच्या आईचा आवाज आला, "सर, बोलत बोलत बांदा. गाडी आली." मी ओरडायचं काम सोडलं नव्हतं. काय ओरडावं ते सुचेना, तेव्हा वर्गात ओरडते तेच ओरडले. "मागचे जरा पुढे या!" मागचे खरोखर पुढे आले आणि त्याच वेळी निळ्यांनी मागे गोल केला. हे मी सरांना लगेच सांगितलं नाही. मग इम्राननं कोपऱ्यातून मारलेला चेंडू आमच्या गोलमटोल मुलाच्या पाठीला लागून त्यांच्या जाळीत गेला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. लोक ओरडायला लागले तेव्हा त्यानं उघडले आणि आधी माझ्याकडे बघितलं, काही चुकलं का म्हणून. मी फोनवर सांगितलं, "गोल झाला." पलीकडे धप्पकन काहीतरी पडलं. बहुधा मोळी.

नंतरचा सगळा वेळ संदीपानचा. निळे एकामागून एक येत होते आणि तो उडत होता. उजवीकडे, डावीकडे, जमिनीलगत. पहिल्यांदा त्यांची माणसं हसली, मग गप्प झाली, मग टाळ्या वाजवायला लागली. मध्यंतरात त्यानं हातमोजे काढले तर बोटांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या रेघाच रेघा, काही ओल्या. मी पिशवीतला कापूस काढला. "दुखत न्हाई, मॅडम," तो म्हणाला, "फडातच जास्त दुखतं." मी पट्टी बांधली. सरांनी शिकवली होती तशी नाही, माझ्या पद्धतीनं. टिकली. शेवटी शेवटी त्यांनी एक गोल घातलाच, सगळ्यांच्या पायांतून कसातरी सरकलेला. एकाला दोन. संपलं.

मी सरांना सांगितलं.  पलीकडे संदीपानच्या आईनं विचारलेलं ऐकू आलं, "जिंकली का वो पोरं?"

"खेळली," सर म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजे आकराच्या आकरा हुती. शेवटपतुर." मग मला म्हणाले, "मॅडम, लिंबूसरबत द्या सगळ्यांना. हरल्यावर जास्त तहान लागते."

मी तिथूनच प्राचार्यांना फोन केला. अकरा उतरले, अकरा टिकले. "पण हरलात ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अट हरण्याबद्दल नव्हती, सर." त्यांनी थोडा विचार केला. शेड आता ग्रंथालयाच्या मागे व्हायची आहे.

ऊन उतरताना आम्ही पुन्हा फडाशी आलो. सर बांधावर उभे होते. डोळे लाल, टॉवेलला पाचट चिकटलेलं, सदऱ्याची एक बाही फाटलेली, आणि कमरेत असे वाकलेले की इतकी वर्षं सराटे वेचल्याचा काही उपयोग झाला असं मला तरी दिसलं नाही. संदीपान उतरला. हातमोजे पाण्यानं पुसून, कागदात गुंडाळून त्यानं सरांच्या हातात दिले. कॉलेजची वस्तू. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात वर केला, तो खांद्यापर्यंत पोचेना, तेव्हा दंडावरच मारली. संदीपाननं जर्सी काढली नाही, वरून जुना सदरा घातला आणि आईकडे गेला. एका गाडीचा माल अजून भरायचा होता.

"सर, रागावू नगा," त्याची आई म्हणाली, "पर तुमच्या मोळ्या सैल पडल्या. चार तर गाडीवर चढवतानाच सुटल्या. ह्यो आता पुन्हा बांदील."

मुकादम लांबून हसला. सर हसले नाहीत. खरोखर लाजले.

क्रूझरमध्ये गोलकीपरची खिडकीजवळची जागा रिकामी झाली होती, तिथं सर बसले. उसाचा आणि घामाचा वास सगळ्या गाडीत भरला. कुकाणा गेलं तरी ते बाहेरच बघत होते. मग पुढे वाकून, मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मोळी सुटली तर टोळीचं नाव खराब होतं का हो? त्या पोराला कुणी बोलणार तर नाही?"

मी म्हटलं, "नाही, सर. कुणी बोलणार नाही." मला काय माहीत? पण म्हटलं.

ते मागे टेकले. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं तर इम्रानच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते, तोंड उघडं, कपाळावर एक आठी नाही. सरांना मी त्याआधी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि बिनआठीचं तर नव्हतंच नव्हतं. इम्राननं खांदा हलवला नाही. ड्रायव्हर गाणी लावायला निघाला होता, त्याला मागून कुणीतरी हातानंच नको म्हणून खुणावलं, आणि शेवगाव येईपर्यंत त्या गाडीत गाणं लागलं नाही.